लॅनचा डब्बा वायफायवर टिकत नाही: दोष कुठे शोधायचा आणि कुठे थांबायचं

लक्षणं

यंत्राच्या मागे फक्त लॅनचं, म्हणजे वायरने नेट घ्यायचं, पोर्ट आहे, आत वायफाय नाही. सेट-टॉप बॉक्स असेल, जुना स्मार्ट टीव्ही असेल, ब्लू-रे प्लेयर किंवा होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर असेल. या सगळ्यांना इथे मी डब्बाच म्हणतो. घरातलं इंटरनेट वायफायवर. मधला सांधा म्हणून बोर्डात खोचायचा रिपीटर, म्हणजे राउटरचं वायफाय पकडून पुढे देणारं छोटं यंत्र, आणला आणि त्याच्या लॅन पोर्टमधून हातभर वायर डब्ब्याला दिली. काही दिवस चाललं. आता मात्र यातलं काहीतरी सुरू आहे:

लाईन (वीज) जाऊन आली की टीव्हीवर ‘नेटवर्क नाही’. मोबाइलवर नेट सुरू असतं. डब्बा बंद करून पुन्हा लावला की चालतो, उद्या लाईन गेली की तेच रडगाणं.

डब्बा ‘कनेक्टेड’ दाखवतो, पण यूट्यूब उघडत नाही.

सकाळी नीट, दुपारी बंद. किंवा दिवसभर नीट आणि संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले की चक्र फिरत राहतं.

दुकानात आणून लावला की चालतो, घरी नेला की चालत नाही.

किंवा आणल्यापासून एकदाही चाललेला नाही.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात माझं टीव्ही-डिश दुरुस्तीचं काम आहे. बाजाराच्या दिवशी कापडी पिशवीतून असा एखादा डब्बा येतोच. “भाऊ, डब्बा तं चालू हाय, पण नेट नाई येऊन राह्यलं. नवा घ्या लागते का?” बहुतेक वेळा नाही लागत. डब्बा चांगला असतो, रिपीटरही चांगला असतो. बिघाड असतो दोघांच्या मधल्या बोलण्यात, आणि तो घरीच सापडतो, कारण पिशवीत फक्त डब्बा येतो. भिंत, बोर्ड आणि राउटर घरीच राहतात.

म्हणून आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या जोडणीचे तीन टप्पे आहेत. पहिला राउटरपासून रिपीटरपर्यंत, हवेतला. दुसरा रिपीटरपासून डब्ब्यापर्यंत, वायरचा. तिसरा डब्ब्याच्या आतला, म्हणजे त्याची सेटिंग, तारीख, अ‍ॅप. ओलिताचं पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं नाही तर आपण आधी मोटर बदलायला जात नाही, पाइपाच्या कडेकडेने चालत जाऊन पाणी कुठवर आहे ते बघतो. इथेही तेच. कोणता टप्पा तुटलाय हे कळल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

खालचा क्रम फुकटातून खर्चाकडे आहे. वरून खाली जा, मधलं गाळू नका.

चालू करण्याचा क्रम

यात पैसा लागत नाही, पाच-सात मिनिटं लागतात, आणि लाईन गेल्यावर बंद पडणाऱ्या डब्ब्यांपैकी बरेचसे इथेच सुटतात.

राउटर, रिपीटर, डब्बा, तिन्हींची बटणं बंद करा. आधी राउटर एकटाच चालू करा. फायबरचा मोडेम असेल तर त्याला पूर्ण जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. मोबाइल राउटरच्या वायफायला जोडून नेट खरंच येतंय का बघा. मग रिपीटर. त्याचा वायफायचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. सगळ्यात शेवटी डब्बा.

असं का? लाईन आली की तिन्ही यंत्रं एकदम उठतात, पण जागी व्हायला प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. समजा डब्बा लवकर उठला. उठल्या उठल्या तो नेटवर्कवर स्वतःसाठी पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) मागतो. राउटर अजून झोपेत. उत्तर येत नाही, म्हणून डब्बा स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक कामचलाऊ पत्ता घेऊन बसतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे काही रिपीटरना वरून वायफाय मिळेपर्यंत ते स्वतःच डब्ब्याला तात्पुरता पत्ता देऊन टाकतात. थोड्या वेळाने राउटर येतो, रिपीटर त्याला जोडला जातो, सगळे दिवे हिरवे होतात, पण डब्बा त्या जुन्या पत्त्यालाच चिकटून राहतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर वायर कधी निघालीच नव्हती, मग पुन्हा विचारायचं कशाला? मोबाइलचं असं होत नाही, कारण वायफाय गेलं आणि आलं हे त्याला थेट कळतं. म्हणूनच “मोबाइलवर चालते, टीव्हीवर काऊन नाही” हा प्रश्न पडतो.

दर वेळी हा क्रम पाळणं घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून होत नाही, व्हावं अशी अपेक्षाही चुकीची. यावर दोन कायमचे उपाय आहेत.

एक, राउटर आणि रिपीटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. नुसत्या राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो चांगला, पण घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरची गोल पिनही तशीच दिसते. बोर्डात थेट खोचायचा रिपीटर मात्र या छोट्या यूपीएसवर चालत नाही, त्याला इन्व्हर्टरचाच बोर्ड लागतो.

दुसरा उपाय फुकट आहे: डब्ब्याला पत्ता हाताने लिहून द्या. डब्ब्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘मॅन्युअल’ किंवा ‘स्टॅटिक’ निवडायचं. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर डब्ब्याला १९२.१६८.१.२०० सारखा पत्ता, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून राउटरचा पत्ता आणि डीएनएसला ८.८.८.८. राउटर स्वतः जे पत्ते वाटतो त्या यादीबाहेरचा आकडा निवडा, नाहीतर एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलला तोच पत्ता मिळून दोघांची भांडणं लागतील. हा उपाय केल्यावर डब्बा कुणाच्या घरी नेला तर तिथे तो बहुधा चालणार नाही. तेव्हा सेटिंग परत ‘ऑटो’वर आणा आणि मगच तो बिघडला म्हणा.

वायर आणि पोर्ट

डब्ब्याच्या लॅन पोर्टजवळ बारके दिवे असतात. वायर खोचल्यावर एक लागतो, दुसरा लुकलुकतो. डब्ब्याला दिवेच नसतील तर रिपीटरच्या लॅनचा दिवा बघा. दिवा लागतच नसेल तर वायफाय, पासवर्ड, सेटिंग हे सगळं विसरा. बिघाड वायरमध्ये किंवा पोर्टमध्ये आहे.

वायर दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. प्लास्टिकची जीभ तुटलेली असेल तर वायर खोचलेली दिसते, पण टीव्ही पुसताना हलली की सुटते. चिकटपट्टी लावून भागवू नका, टोक नवीन बसवायला फार खर्च येत नाही. मग वायर हातातून सरकवत पूर्ण लांबी बघा. घरात धान्य असतं तिथे उंदीर असतात, आणि कपाटामागची वायर त्यांना नेमकी सापडते. बाहेरचं आवरण जरासं कुरतडलेलं दिसलं तरी आतली एखादी बारीक तार तुटलेली असू शकते. १०० एमबीपीएसच्या पोर्टला आठपैकी चारच तारा लागतात, पण त्या चारही शाबूत हव्यात.

बॅटरी लावून पोर्टच्या आतही पाहा. हे मी मुद्दाम सांगतोय. कोनाड्यात ठेवलेला डब्बा दोन महिने वापरला नाही, की कुंभारीण माशी त्या चौकोनी भोकात मातीचं घर करते. बाहेरून फक्त करडा रंग दिसतो, धूळ बसल्यासारखा. आत आठ सोनेरी काड्या असतात, त्यांच्यावर वाळलेला चिखल चढलेला असतो. डब्बा बोर्डातून काढून, लाकडी दातकोरणीने हळूहळू तो भुगा करून झटका. सुई किंवा पिन घालू नका, काडी वाकली की पोर्ट गेलं. पाणी नाही, फुंकर पण नाही, तोंडाची वाफ आत जाते.

दुसरी वायर लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त पुरावा. शेजाऱ्याकडून घटकाभर मागून आणा. चांगल्या वायरनेही डब्ब्याचा दिवा लागत नसेल, आणि वायरचं तेच टोक डब्ब्यातून काढून राउटरला लावल्यावर तिथे लागत असेल, तर डब्ब्याचं पोर्ट मेलं आहे. पुढचं वाचायची गरज नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा.

मोबाइलने पहिला टप्पा तपासा

मोबाइल हे तुमच्या हातातलं तपासणीचं यंत्र आहे, पण ते खोटंही बोलतं. आधी मोबाइल डेटा बंद करा. हे केलं नाही तर वायफायला नेट नसलं तरी मोबाइल गुपचूप सिमवरून व्हिडिओ चालवतो आणि तुम्ही म्हणता “वायफाय तं मस्त चालून राह्यलं”.

डेटा बंद केल्यावर मोबाइल रिपीटरच्या वायफायला जोडा आणि टीव्हीजवळ उभं राहून एखादा व्हिडिओ लावा. रिपीटरचं नाव आणि राउटरचं नाव एकच ठेवलं असेल तर मोबाइल नेमका कुणाला जोडलाय ते कळणार नाही. रिपीटरला वेगळं नाव द्या, मागे ‘टीव्ही’ जोडलं तरी पुरे.

रिपीटरवरून मोबाइलला नेट मिळालं तर पहिला टप्पा ठीक. दोष वायरमध्ये किंवा डब्ब्यात. रिपीटरवरून मिळालं नाही, पण राउटरजवळ जाऊन राउटरलाच जोडल्यावर मिळालं, तर दोष हवेतल्या टप्प्यात. राउटरजवळही मिळालं नाही, तर डब्ब्याचा काही संबंध नाही. नेटच बंद आहे.

घरी फायबर नसेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डब्बा चालवत असाल, तर दोन गोष्टी जास्तीच्या. रोजच्या १.५ किंवा २ जीबीच्या पॅकवर एचडी चित्र फार वेळ चालत नाही. तासाला २-३ जीबी सहज जातात. पॅक संपला की नेट पूर्ण तुटत नाही, अगदी हळू होतं. मग डब्बा ‘कनेक्टेड’ म्हणत राहतो आणि काहीच उघडत नाही. दुसरं, नवे मोबाइल हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर देऊ शकतात. स्वस्त रिपीटरला बहुधा २.४ च कळतं, त्यामुळे त्याच्या यादीत तुमच्या मोबाइलचं नाव येतच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ वर करा.

ग्रामपंचायतीजवळचं सार्वजनिक वायफाय रिपीटरने घरात ओढायचा प्रयत्नही लोक करतात. तिथे आधी एक पान उघडतं, मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतं. डब्ब्याला ते पान उघडता येत नाही. त्या नादी लागू नका.

रिपीटरची जागा

माझ्या मते सगळ्यात जास्त घरं इथे चुकतात. रिपीटर टीव्हीच्या मागे, त्याच बोर्डात लावलेला असतो, कारण सोबत आलेली वायर हातभर असते. आणि टीव्ही असतो घराच्या अशा टोकाला की तिथे वायफाय पोचतच नव्हतं. रिपीटर काही नेट तयार करत नाही. त्याला जेवढं मिळतं त्यातलंच तो पुढे देतो, आणि एकाच रेडिओवर घेऊन त्याच रेडिओवर वायफाय वाटायचं असेल तर वेग जवळपास अर्धा होतो.

हवेचं अंतर कमी करा, तारेचं वाढवा. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते. आपल्याला दहा-पंधरा मीटर पुरतात. रिपीटर राउटर दिसेल अशा खोलीत किंवा दाराच्या रेषेत लावा आणि तिथून लांब वायर भिंतीच्या कडेने टीव्हीपर्यंत न्या. कॅट-५ई वायर घ्या, आणि आत शुद्ध तांबं आहे का विचारा. स्वस्त वायरमध्ये अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा असतो, ती दोन-चारदा वाकवली की आतून तुटते.

जुन्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड. वायफाय त्यातून जातं, पण दमून जातं. अशा दोन भिंती झाल्या की संपलं. लोखंडी कपाट, टिनाची धान्याची कोठी, पाण्याने भरलेला ड्रम, यातलं काही राउटर आणि रिपीटरच्या मध्ये असेल तर आधी ते टाळा. एका घरी तूर भरून कोठी भिंतीला लावली आणि त्याच संध्याकाळपासून टीव्हीचं नेट गेलं. आठवडाभर सगळे डब्ब्याला शिव्या देत होते. कोठी हलवणं शक्य नव्हतं, रिपीटर दुसऱ्या बोर्डात नेला.

रिपीटरला दोन्ही बँड असतील तर जाड भिंतींसाठी २.४ गिगाहर्ट्‌झ निवडा. ५ वेगवान असतं, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतं. यूट्यूबच्या १०८० एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात, म्हणजे वेगापेक्षा टिकणं महत्त्वाचं. ४के ला २० च्या आसपास लागतात, तो नाद जुन्या डब्ब्यावर नकोच.

दुपारी बंद आणि रात्री चालू, असं होत असेल तर रिपीटरला हात लावून पाहा. घरगुती राउटर-रिपीटर साधारण ० ते ४० अंश तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो, आणि टिनाच्या छपराखाली वरच्या बोर्डाजवळ त्याहून जास्त. यंत्र बिघडलेलं नसतं, तापलेलं असतं. खालच्या बोर्डात, भिंतीपासून मोकळं, टीव्हीच्या गरम पाठीपासून दूर लावा.

संध्याकाळी हळू चालत असेल तर मोबाइल राउटरच्या अगदी शेजारी नेऊन वेग बघा. तिथेही हळू असेल तर गर्दी नेटच्या लाईनवर आहे, तुमच्या घरात नाही. नेट देणाऱ्याशी बोला. राउटरजवळ वेग चांगला आणि टीव्हीजवळ वाईट, तर चॅनेल बदलून बघा. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. विरळ वस्तीच्या खेड्यात याचा फरक क्वचित पडतो, तालुक्याच्या गावात पडतो.

सेटिंग

इथून पुढे थोडी डोकेफोड आहे. मोबाइल किंवा लॅपटॉप रिपीटरला जोडून ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाका. तो रिपीटरच्या मागे छापलेला असतो, बऱ्याच स्वस्त रिपीटरचा १९२.१६८.१०.१ असतो.

एकदाही न चाललेल्या जोडणीत मी आधी मोड बघतो. ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये यंत्र वायरने नेट घेतं आणि वायफायने वाटतं. आपल्याला उलटं हवं: वायफायने घ्यायचं, वायरने द्यायचं. त्यासाठी ‘रिपीटर’, ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’ मोड लागतो. काही लोक घरात पडलेला जुना राउटर यासाठी वापरायला जातात. त्यात क्लायंट किंवा ब्रिज असा पर्याय असेल तर उत्तम, फुकटात काम झालं. नसेल तर तो राउटर कितीही चांगला असला तरी वायफाय ओढणार नाही. आणि ‘क्लायंट’ मोडमध्ये रिपीटर स्वतःचं वायफाय देतच नाही, त्यामुळे वरची मोबाइलची तपासणी तिथे चालणार नाही. वायरने लॅपटॉप लावून पाहावं लागेल.

‘डब्ल्यूआयएसपी’ नावाचा एक मोड असतो. त्यात रिपीटर स्वतःचं वेगळं छोटं नेटवर्क चालवतो. तो वापरायचा तर राउटर आणि रिपीटर दोघांचे पत्ते वेगळ्या घराण्यातले हवेत. दोघेही १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर रिपीटरला कळत नाही की माल इकडे द्यायचा की तिकडे, आणि सगळं हिरवं असून काही चालत नाही. रिपीटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करा. त्यापेक्षा साधा ‘रिपीटर’ मोडच ठेवा, टीव्हीसाठी तो पुरतो.

फायबरवाला येऊन मोडेम बदलून गेला असेल, किंवा मुलाने पासवर्ड बदलला असेल, तर रिपीटर जुनाच पासवर्ड घेऊन बसलेला असतो. रिपीटरला नवा सांगावा लागतो. पासवर्डमध्ये मराठी अक्षरं किंवा चित्रं असतील तर काढा, साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा. राउटरची सुरक्षा फक्त ‘डब्ल्यूपीए३’ वर असेल तर जुना रिपीटर जोडला जात नाही. ‘डब्ल्यूपीए२’ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा. सुरक्षा पूर्ण काढून वायफाय उघडं मात्र ठेवू नका.

आता डब्ब्याच्या नेटवर्कच्या पानावर त्याला मिळालेला पत्ता वाचा. सगळे शून्य किंवा १६९.२५४ असेल तर त्याला कुणीच पत्ता दिलेला नाही. १९२.१६८.१०.काहीतरी असेल आणि राउटरवरच्या मोबाइलला १९२.१६८.१.काहीतरी मिळत असेल, तर पत्ता रिपीटरने दिला आहे. डब्ल्यूआयएसपी मोड नसताना असं दिसलं तर वरचा दुवा तुटलाय किंवा डब्बा जुन्या पत्त्यावर अडकलाय. दोघांचे आकडे एकाच घराण्यातले असतील तर पहिले दोन टप्पे बरोबर आहेत. आता डब्ब्याच्या आत पाहा.

डब्ब्याच्या आत

तारीख बघा. लाईन बराच वेळ गेली की काही टीव्ही आणि डब्बे आपलं घड्याळ विसरतात आणि कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसतात. आजकालच्या जवळपास सगळ्या सेवा जोडणी सुरू करताना सुरक्षेचं प्रमाणपत्र तपासतात, आणि प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. डब्ब्याची तारीख चुकली की चांगलं प्रमाणपत्रही त्याला खोटं वाटतं. पडद्यावर मात्र ‘इंटरनेट तपासा’ एवढंच येतं. तारीख-वेळ हाताने बरोबर करा, पुन्हा चालू करा.

तारीख बरोबर आणि तरीही अ‍ॅप उघडत नसेल तर यंत्राचं वय विचारात घ्या. २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी व्यवस्था बंद केली तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या कित्येक स्मार्ट टीव्हींवरचं यूट्यूब कायमचं गेलं. ३० सप्टेंबर २०२१ ला इंटरनेटवर खूप ठिकाणी वापरलं जाणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हाही अद्ययावत न होणारी बरीच जुनी यंत्रं काही संकेतस्थळांना मुकली. अशा यंत्राला तुम्ही नेट कितीही नीट पोचवा, ते अ‍ॅप परत येणार नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट मिळत असेल तर टाकून बघा.

टीव्हीला एचडीएमआय पोर्ट असेल आणि तुम्हाला फक्त यूट्यूब आणि सिनेमे बघायचे असतील, तर रिपीटरवर पैसे घालण्याऐवजी वायफाय असलेली टीव्ही स्टिक घ्या. असं सांगितल्याने दुकानदार म्हणून माझा रिपीटर विकला जात नाही, पण खरं तेच आहे. रिपीटर हवा तो सेट-टॉप बॉक्सची स्वतःची ऑनलाइन सोय वापरायची असेल किंवा होम थिएटरवरच गाणी ऐकायची असतील तर. यूएसबीचं वायफाय डोंगल टीव्हीत खोचून काम होईल अशी आशा नको. टीव्ही बहुधा कंपनीने नेमून दिलेलंच डोंगल ओळखतो.

फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी. त्याने चॅनेलची यादी, लॉगिन, सगळं जातं, आणि दोष हवेतल्या टप्प्यात असेल तर रीसेटने काहीही होत नाही.

इथे हात थांबवा

डब्ब्याच्या, टीव्हीच्या किंवा रिपीटरच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तपासणी तिथेच थांबवा. बहुधा घराची अर्थिंग तुटलेली असते, किंवा मुळात केलेलीच नसते. हे काम इलेक्ट्रिशियनचं. पायात चप्पल घालून वापरत राहणं हा उपाय नाही.

जळका वास, फुगलेला किंवा हात ठेववत नाही इतका गरम अ‍ॅडॉप्टर, बोर्डात ठिणगी: मेन बंद करा आणि माणूस बोलवा.

टीव्ही उघडू नका. बोर्डातून काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

वीज कडाडून गेल्यावर चित्र येतं, आवाज येतो, पण लॅनचा दिवा कुठल्याच वायरने लागत नाही, हे मृगाच्या दिवसांत नेहमीचं. पोर्टच्या आतले बारीक भाग गेलेले असतात. हे दुकानाचं काम आहे, आणि कधी कधी दुरुस्तीपेक्षा स्टिक स्वस्त पडते. ढग दाटले की बोर्डाचं बटण बंद करून थांबू नका; पिन, डिशची केबल आणि लॅनची वायर, तिन्ही काढा. आणि एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून लॅनची तांब्याची वायर कधी ताणू नका. वीज जवळ पडली की तीच वायर दोन्ही घरांचे डब्बे घेऊन जाते.

फायबरच्या मोडेमवर ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर फायबर कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे. ती ओढून, चिकटवून जमत नाही. तुटलेल्या टोकात डोळा घालून उजेड बघायला जाऊ नका. त्यातून जाणारा लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. नेट देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा. खांबावर तर चढूच नका, वरच्या तारा कुणाच्या आहेत ते खालून कळत नाही.

दुकानात येताना नुसता डब्बा आणू नका. रिपीटर, दोघांचे अ‍ॅडॉप्टर आणि ती लॅनची वायर, सगळं एकाच पिशवीत घाला. निघण्यापूर्वी डब्ब्याच्या नेटवर्कच्या पानाचा आणि राउटरच्या दिव्यांचा मोबाइलवर फोटो काढा. घरातला जो माणूस टीव्ही लावतो त्यालाच सोबत आणलं तर आणखी बरं.